जिनी वीझलीचा बुजरेपणा खरंच एका भागात गळून पडला का?

निशिगंध

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतल्या जिनीचा, म्हणजे हॅरीचा मित्र रॉन याच्या धाकट्या बहिणीचा, विषय निघाला की दर वेळी तोच आक्षेप येतो. चौथ्या भागापर्यंत जिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती पाचव्या भागात एकदम धीट कशी झाली? लेखिकेला हॅरीसाठी कोणीतरी हवं होतं, म्हणून तिने मुलगीच बदलून टाकली, असा एकूण सूर असतो. मला हे अजिबात पटत नाही. पुस्तकात जे आहे ते समोर ठेवून बोलू या म्हणून हा धागा काढला. सातही भागांतल्या घटना येणार आहेत, त्यामुळे ज्यांचं वाचन अजून व्हायचंय त्यांनी पुढे वाचू नये.

सुरुवात पहिल्या भागापासून करू. त्यात जिनी दोनदाच दिसते आणि दोन्ही वेळा ती बुजरी नाही. सहाव्या प्रकरणात फलाटावर आईचा हात धरून 'मला पण जायचंय' असा हट्ट चालू असतो. डब्यात हॅरी पॉटर आहे हे कळल्यावर त्याला बघायला आत जाऊ दे म्हणून मागे लागते. गाडी सुटली की अर्धी हसत, अर्धी रडत गाडीबरोबर धावते. शेवटच्या, सतराव्या प्रकरणात तर हॅरीकडे बोट दाखवून ओरडते आणि आई तिला गप्प करते. दहा वर्षांची मोकळी, आरडाओरडा करणारी पोर आहे ही.

बुजरेपणा येतो दुसऱ्या भागात, हॅरी तिच्या घरी राहायला आल्यावर. ती दारातून डोकावते, चीत्कारते, पळून जाते. जिन्यावरून जाताना एका दाराच्या फटीतून दोन तपकिरी डोळे बघत असतात आणि दार फटकन बंद होतं. तिथेच रॉन हॅरीला सांगतो की हिचं इतकं लाजणं फार विचित्र आहे, एरवी हिची बडबड थांबत नाही. दुसऱ्या भागाचं तिसरं प्रकरण. म्हणजे बुजरेपणा पहिल्यांदा दाखवला त्याच प्रकरणात लेखिकेने सांगून ठेवलंय की हा या मुलीचा स्वभाव नव्हे, एका माणसासमोर होणारी अवस्था आहे. आणि सगळी गोष्ट आपण त्याच माणसाच्या डोळ्यांनी वाचतो.

कृष्णविवर

मुद्दा चांगला मांडलाय, पण मी अर्धाच सहमत आहे.

रॉनचं ते वाक्य आहे, मान्य. पण एका वाक्यावर तीन भागांचा डोलारा उभा राहत नाही. तिसऱ्या भागात २२ प्रकरणं आहेत आणि जिनीच्या वाट्याला आलेल्या ओळी हाताच्या बोटांवर मोजता येतात. चौथ्यात ३७ प्रकरणं, तिथेही तेच. लेखिकेच्या मनात आराखडा असेल, पण वाचकाला कागदावर जे मिळतं त्यावरच तो मत बनवणार. हॅरीच्या वर्गातला नेव्हिल बघा. तोही भित्रा, विसरभोळा म्हणून सुरू होतो. पण प्रत्येक भागात त्याचा एक तरी प्रसंग समोर घडतो, आणि पाचव्या भागात आईवडिलांच्या वॉर्डात त्याचं सगळं ओझं आपल्याला दिसतं. जिनीची वाढ मात्र पडद्याआड झाली आणि आपल्याला निकाल कळवला गेला. वाचकाची तक्रार खोटी नाही.

निशिगंध

ओळी कमी आहेत हे खरं, पण त्या कुठे आहेत ते बघा. तिसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात ती हॅरीशी नजर न मिळवता कसंबसं हॅलो म्हणते. पाचव्यात, फलाटावर तिचा मोठा भाऊ पर्सी मैत्रिणीसमोर छाती फुगवून चालायला लागतो, तेव्हा जिनी आणि हॅरीची नजरानजर होते आणि दोघं हसू लपवायला तोंड फिरवतात. एका प्रकरणाचं अंतर! दोघांनी मिळून एखाद्या तिसऱ्याला हसणं ही मैत्रीची पहिली खूण, आणि ती तिथे आहे. मग दहाव्या प्रकरणात ती लाजून लाल होत स्वतः बनवलेलं कार्ड घेऊन दवाखान्यात जाते. ते कार्ड इतक्या कर्कश आवाजात गातं की हॅरीला ते फळांच्या वाडग्याखाली दाबून ठेवावं लागतं. म्हणजे एक पाऊल पुढे, एक मागे. सरळ रेषेत कोणाचाही बुजरेपणा जात नाही.

रेवाकाठ

तुम्ही दोघं बुजरेपणावरच बोलताय, पण दुसऱ्या भागात बुजरेपणाशिवाय आणखी एक गोष्ट चालू आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. ते वर्ष जिनीच्या बाजूने सलग लावून बघा. हॅरीच्या बाजूने वाचताना हे तुकडे विखुरलेले राहतात.

पुस्तकांच्या दुकानात ती पहिल्यांदा हॅरीसमोर तोंड उघडते, तेही हॅरीचा शाळेतला वैरी मॅल्फॉय याला झापायला. (हे चौथं प्रकरण. ज्याच्यासमोर वाचा बसते, त्याच्याच बाजूने भांडायला मात्र वाचा फुटते, हे लक्षात ठेवा.) त्याच झटापटीत मॅल्फॉयचा बाप ल्युशियस तिच्या जुन्या फाटक्या पुस्तकात एक जादूची डायरी सरकवतो. ऑक्टोबरमध्ये ती फिकी दिसते म्हणून पर्सी तिला जबरदस्तीने औषध पाजतो. तिच्या लाल केसांतून वाफ निघते आणि डोकं पेटल्यासारखं दिसतं. वाचक हसतो आणि पुढे जातो. हॅलोविनला मांजर दगडासारखी होऊन पडते, जिनी कोसळते, रॉन म्हणतो तिला मांजरं फार आवडतात. कॉलिनवर हल्ला होतो, ती अजून खचते, कारण तो तिच्या शेजारी बसायचा. फ्रेड आणि जॉर्ज तिला हसवायला म्हणून अंगावर केस आणि फोड उगवून पुतळ्यांमागून उड्या मारतात. तिला भयानक स्वप्नं पडतायत हे आईला कळवीन, असा पर्सीने दम दिल्यावर थांबतात.

बघा, एकाच शाळेत चार भाऊ. चौघांनाही दिसतंय की ही बरी नाही. प्रत्येकजण आपापल्या परीने काहीतरी करतोय. कोणीही बसून विचारत नाही. ऐकणारं एकच आहे, डायरी. त्या डायरीत दडलेला टॉम रिडल, म्हणजे तरुणपणीचा खलनायक व्होल्डेमॉर्ट, सतराव्या प्रकरणात नेमकं हेच सांगतो, की ती मला सगळं लिहायची आणि मी धीराने, प्रेमळपणे उत्तरं द्यायचो. भाऊ चिडवतात, जुने कपडे आणि जुनी पुस्तकं वापरावी लागतात, हॅरीला मी कधी आवडणार नाही, असल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या काळज्या. त्यांवर तो पोसला गेला आणि तिच्या अंगात शिरून हल्ले घडवू लागला.

आणि तरी ती स्वतःच्या हिमतीवर दोन गोष्टी करते. संशय आल्यावर डायरी फेकून देते. ती हॅरीच्या हाती लागल्याचं कळल्यावर, आपली गुपितं त्याला कळतील या धास्तीने, त्याच्या खोलीतून परत चोरते. शेवटी सोळाव्या प्रकरणात सगळं सांगायला हॅरी आणि रॉनच्या शेजारी येऊन बसते, शब्द ओठांवर येतात आणि पर्सी मध्येच येऊन तिला उठवतो. त्याला वाटतं आपलं गुपित फुटतंय. एका खुर्चीपायी ती रिडलच्या त्या गुप्त तळघरापर्यंत पोचते.

कृष्णविवर

रेवाकाठ, हे असं सलग कधी वाचलं नव्हतं. पर्सीच्या खुर्चीचा प्रसंग मी फक्त विनोद म्हणून लक्षात ठेवला होता.

पण मग माझा आक्षेप उलट वाढतो. एवढं भोगलेल्या मुलीला त्याच भागाच्या शेवटी, परतीच्या गाडीत, हसत हसत पर्सीच्या मैत्रिणीची बातमी सांगताना दाखवलंय. ती पुन्हा आनंदी झाली असं स्वच्छ लिहिलंय. इतक्या लवकर?

रेवाकाठ

त्याला उत्तर तिसऱ्या भागात आहे. गाडीत डिमेंटर शिरतो तेव्हा हॅरी बेशुद्ध पडतो, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याच डब्यात कोपऱ्यात जिनी अंग आकसून बसलेली आहे, हॅरीइतकीच वाईट दिसतेय, हुंदका देते आणि हॅरी-रॉनची मैत्रीण हर्मायनी तिला जवळ घेते. डिमेंटर माणसाला त्याच्या सर्वांत वाईट आठवणी पुन्हा जगायला लावतो आणि ज्यांनी जास्त भोगलंय त्यांना त्याचा जास्त त्रास होतो, हे पुढे त्यांचा शिक्षक ल्युपिन हॅरीला समजावतो. ते वाचून मागे वळा. डब्यातल्या मुलांत कोणाला सर्वांत जास्त त्रास झाला? हॅरीला आणि जिनीला. तिच्या अंगातून ते गेलेलं नाही. फक्त हॅरी स्वतःच्या बेशुद्धीत इतका अडकलाय की त्याला ते दिसत नाही.

पिंपळपान७

या चर्चेत पाचव्या भागाचं तेविसावं प्रकरण अजून कसं आलं नाही? माझ्या मते जिनीच्या सगळ्या प्रवासाचा कणा तिथे आहे.

आपल्या अंगात व्होल्डेमॉर्ट शिरलाय या भीतीने हॅरी सगळ्यांपासून लपून बसलाय. जिनी त्याला सरळ सुनावते, की हा मूर्खपणा आहे, कारण ज्याच्या अंगात तो शिरला होता असं तुझ्या ओळखीचं एकच माणूस आहे, ते म्हणजे मी. हॅरी कबूल करतो की आपण ते विसरलो होतो. ती म्हणते, नशीबवान आहेस. या दोन शब्दांत तिने तीन वर्षं काय वागवलं ते कळतं.

मग ती काय करते बघा. धीराचे शब्द देत बसत नाही. तपासणी करते. तू काय काय केलंस ते सगळं आठवतं का? मध्ये मोठी रिकामी जागा राहते का? तो म्हणतो, सगळं आठवतं. मग तुझ्या अंगात तो शिरलेला नाही, ती सांगते, कारण माझे तासच्या तास गायब व्हायचे आणि मी कुठेतरी पोचलेली असायचे, कशी ते कळायचं नाही. जे तिच्यावर गुदरलं तेच आता दुसऱ्याची सुटका करायचं साधन झालंय. मला हीच तिची वाढ वाटते. क्विडिच (झाडूवरून उडत खेळतात तो खेळ) आणि शाप नंतर.

निशिगंध

+१. आणि 'मी विसरलो' हे हॅरीचं उत्तर या धाग्याच्या मूळ प्रश्नालाही लागू पडतं. त्याने तिला तळघरातून स्वतः सोडवून आणलं, तरी तो विसरला. ज्याच्या डोळ्यांनी आपण वाचतो तोच विसरला, मग वाचक विसरणारच.

पाचव्या भागाच्या सुरुवातीची आणखी एक छोटी जागा. चौथ्या प्रकरणात जिनी अगदी सहज 'अरे हॅरी' म्हणत खोलीत येते. थोड्या वेळाने आई विचारते, स्वयंपाकघराच्या दाराशी या घाणबॉम्बच्या गोळ्या कुठून आल्या? त्या जिनीनेच टाकलेल्या असतात, दारावर जादू केलीय का ते तपासायला. ती मांजराचं नाव सांगते, आणि लेखिका मुद्दाम नोंदवते की हे सांगताना तिचा चेहरा जरासुद्धा लाल झाला नाही. दुसऱ्या भागात जिच्या लाल होण्यावर एवढी शाई खर्च झाली, तिच्याबद्दल हा शब्द चुकून आलेला नाही.

खारवलेलं_वारं

चौथ्या भागातली नृत्याची गोष्ट राहिली. बाविसाव्या प्रकरणात रॉन सुचवतो की जिनीने हॅरीबरोबर जावं. तीन वर्षं जे हवं होतं ते समोर येतं. पण ती नेव्हिलला आधीच हो म्हणालेली असते. शाळेच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना बोलावल्याशिवाय प्रवेश नव्हता, म्हणून तिने ते स्वीकारलेलं. तिचा चेहरा पडतो, पण शब्द मोडत नाही. नाचताना नेव्हिल तिच्या पायांवर पाय देत राहतो, ती कळ सोसते. हा प्रसंग चार ओळींचा असेल, पण तेरा वर्षांच्या मुलीसाठी तो सोपा नाही. तिथेच तिला तिचा पुढचा बॉयफ्रेंड मायकेल कॉर्नर भेटतो, हे आपल्याला पाचव्या भागात कळतं. म्हणजे हॅरीच्या पाठीमागे तिचं आयुष्य चालू झालेलं असतं.

कृष्णविवर

ठीक. चार-पाच जागा मान्य केल्या. पण सहाव्या भागातली जिनी मला अजूनही खटकते. ती सगळ्यातच उत्तम आहे. उडण्यात, शापांत, विनोदात, दिसण्यात. नवा शिक्षक स्लगहॉर्न तिचा शाप बघून तिला जेवायला बोलावतो. तिला काहीच जड जात नाही. ज्या माणसाला काही जड जात नाही त्याची वाढ कशी दिसणार?

पिंपळपान७

सहाव्या भागाबद्दल तुमच्याशी बरीचशी सहमत. तिथे हॅरी प्रेमात आहे आणि ते वर्णन प्रेमात पडलेल्याचं आहे. तरी दोष अजिबात नाहीत असं नाही. थोरल्या भावाची होणारी बायको फ्लर, तिला ती मागे कुत्सित नावाने हाक मारते, आणि ते फार काही चांगलं नाही. चौदाव्या प्रकरणात रॉनशी भांडताना ती त्याच्या वर्मावर बोट ठेवते, की तुला कोणी किस करत नाही म्हणून तू जळतोस. त्या एका वाक्याचे परिणाम रॉन आणि हर्मायनी पुढे कितीतरी प्रकरणं भोगतात. सामन्यानंतर समालोचन करणाऱ्या झाकरायस स्मिथच्या अंगावर झाडूसकट आदळते आणि ब्रेक लावायला विसरले म्हणते. जीभ आणि राग दोन्ही तिखट आहेत.

उडणं मात्र आकाशातून पडलेलं नाही. पाचव्या भागात हर्मायनी सांगते की जिनी सहा वर्षांची असल्यापासून अंगणातल्या शेडचं कुलूप उघडून भावांचे झाडू आळीपाळीने चोरून उडवत आली आहे. सहा भाऊ असून एकालाही पत्ता नाही. हॅरीवर बंदी आल्यावर ती सीकर होते, म्हणजे स्निच हा छोटा सोनेरी चेंडू पकडणारी खेळाडू. हफलपफ या दुसऱ्या गटाशी सामना जिनीचा गट ग्रिफिंडर हरतो, २४०–२३० असं, पण स्निच जिनीनेच पकडलेला असतो. ती वर सांगते की मला खरं तर गोल करायला जास्त आवडतं, पुढच्या वर्षी चेझरच्या, म्हणजे गोल करणाऱ्यांच्या, जागा रिकाम्या होतील तेव्हा बघू. एका वर्षात ती चेझर होते. सहाव्या भागात हॅरी स्नेप या शिक्षकाच्या शिक्षेत अडकल्यावर पुन्हा सीकर म्हणून खेळते आणि संघ ४५०–१४० जिंकतो. तयारी दहा वर्षांची आहे.

सुपारीबाग

एक व्यावहारिक प्रश्न. पुन्हा सातही भाग वाचायला वेळ नसेल तर फक्त जिनीसाठी काय वाचावं? आणि मुलांसाठी अद्भुतकथा लिहिताना अशी बुजरी नायिका उभी करायची असेल तर यातून काय उचलावं?

रेवाकाठ

वाचनासाठी: दुसऱ्या भागातली ३, ४, ८, ९, ११, १३, १६ आणि १७ ही प्रकरणं एका बैठकीत वाचा. मग तिसऱ्याचं पाचवं, चौथ्याचं बाविसावं. पाचव्यातली ४, ५, १६, १८, २३ आणि ३३. सहाव्यातलं १४, २४ आणि शेवटचं तिसावं. सातव्यात २९, ३४ आणि ३६. तिसावं प्रकरण सोडू नका. तिथे जिनी स्वतःच हॅरीला सांगते की मी तुला कधी विसरले नाही, पण हर्मायनीने सल्ला दिला होता की जरा मोकळी हो, दुसऱ्यांबरोबर फिर, तू त्याच्यासमोर तुझ्यासारखी वागलीस तर त्याचं लक्ष जाईल. 'धीट हो' असा सल्ला हर्मायनीने दिलाच नव्हता. एरवी जशी असतेस तशीच त्याच्यासमोर राहा, एवढंच.

खारवलेलं_वारं

लिखाणाबद्दल मी सांगतो. बुजरेपणा 'ती बुजरी होती' असं लिहून येत नाही. तो वस्तूंतून येतो: पाडलेला लापशीचा वाडगा, लोण्याच्या भांड्यात गेलेलं कोपर, फटकन लागलेलं दार. दुसरं म्हणजे, बुजरेपणा कोणासमोर आणि कशामुळे हे आधी ठरवा, आणि ती जिथे मोकळी असते ती एक तरी जागा सुरुवातीलाच दाखवा, निदान कोणाच्या तोंडून सांगा. नाहीतर पुढे धीटपणा आला की वाचकाला तो चिकटवल्यासारखा वाटतो. आणि बदलाची पावलं मोजून टाका. नजर चुकवणं, नजरेने हसणं, तिसऱ्यासाठी बोलणं, मग स्वतःसाठी बोलणं. जिनी याच क्रमाने जाते. पहिल्यांदा हॅरीसाठी मॅल्फॉयवर ओरडते. स्वतःसाठी ती पाचव्या भागात भांडते, जेव्हा बैठकीतून तिला एकटीला झोपायला पाठवतात आणि तिचा आरडाओरडा जिनाभर ऐकू येत राहतो. पुढे तेहतिसाव्या प्रकरणात तू लहान आहेस असं ऐकल्यावर ती हॅरीला हिशोबच करून दाखवते, की तू पहिल्यांदा व्होल्डेमॉर्टशी लढलास तेव्हाच्या तुझ्यापेक्षा मी आज तीन वर्षांनी मोठी आहे.

चूक कुठे होते तेही यातच दिसतं. कृष्णविवर म्हणतात त्याप्रमाणे तिसऱ्या आणि चौथ्या भागात जागा फारच विरळ आहेत. तिसऱ्या भागातलं एखादं अख्खं प्रकरण तिला मिळालं असतं, तर हा धागा निघालाच नसता.

सुपारीबाग

धन्यवाद, यादी उतरवून घेतली. सिनेमे बघितले तर चालेल का?

पिंपळपान७

जिनीसाठी नको. बॉनी राइट आठही सिनेमांत आहे आणि तिची काही चूक नाही, तिला द्यायला संवादच ठेवले नाहीत. २००७च्या सिनेमातून क्विडिच पूर्ण गेलं, त्यामुळे तिचं सीकर होणं गेलं. तेविसाव्या प्रकरणातलं बोलणं गेलं. २००९च्या सिनेमात ती खाली बसून हॅरीच्या बुटाची नाडी बांधते. पुस्तकातल्या जिनीने एक भाग आधीच त्याला तोंडावर झापलेलं असतं. पाचव्या भागात चोरून जादूचा सराव करणाऱ्या मुलांच्या गटाला नाव देणंही पुस्तकातलंच बघा. चो नावाची मुलगी 'डीए' ही अक्षरं सुचवते, जिनी म्हणते अक्षरं राहू दे, अर्थ 'डंबलडोरची सेना' असा करू (डंबलडोर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक), कारण मंत्रालयाला सर्वांत जास्त भीती त्याचीच आहे.

कृष्णविवर

रेवाकाठच्या यादीप्रमाणे दुसऱ्या भागातली प्रकरणं लागोपाठ वाचली. तिसऱ्या-चौथ्या भागाबद्दलचं मत कायम आहे, पण 'मुलगीच बदलली' हे माझं म्हणणं मागे घेतो.

सातव्या भागाबद्दल एक विचारायचं होतं. तिथे पुन्हा ती बहुतेक काळ पडद्याआड आहे. तरी तुम्ही चौतिसावं प्रकरण का घातलंत? त्यात तर हॅरी एकटाच जंगलाकडे जातो.

रेवाकाठ

पडद्याआड आहे, पण बातम्या येत राहतात. जिनी, नेव्हिल आणि तिची मैत्रीण लूना मिळून स्नेपच्या खोलीतून तलवार पळवायचा प्रयत्न करतात आणि शिक्षा म्हणून हॅग्रिडबरोबर जंगलात पाठवले जातात. तिला हॉग्समीड या शाळेजवळच्या गावात जायची बंदी होते. एकोणतिसाव्या प्रकरणात नेव्हिल सांगतो की नाताळात लूनाला उचलून नेलं आणि ईस्टरनंतर जिनी परत आली नाही. म्हणजे डंबलडोरच्या सेनेचं त्या वर्षीचं काम या तिघांवर होतं.

चौतिसावं अशासाठी. हॅरी अदृश्य झगा पांघरून मैदान ओलांडत असतो. जमिनीवर एक मुलगी पडलेली असते, हळू आवाजात आईला हाक मारत असते, घरी जायचंय म्हणत असते. जिनी तिच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे आणि तिला सांगतेय की सगळं ठीक होईल, आपण तुला आत नेऊ. दुसऱ्या भागाच्या सतराव्या प्रकरणात तळघराच्या थंड फरशीवर अकरा वर्षांची जिनी पडलेली असते आणि हॅरी तिच्याजवळ गुडघे टेकून तिला उठ म्हणून विनवत असतो. आता ती सोळा वर्षांची आहे आणि गुडघे तिचे टेकलेत. हॅरी बाजूने जातो. तिला तो दिसत नाही, पण ती क्षणभर वळून बघते.